तेरा मिलिमीटर रबराचा प्रश्न

गाडीच्या सस्पेन्शनची खरी परीक्षा घ्यायची, तर आटगावहून फार लांब जावे लागत नाही. गावाजवळून मुंबई–आग्रा महामार्ग जातो. अवजड ट्रकांनी दाबून लाटा पाडलेले डांबर आणि पावसाळ्यानंतर बुजवलेल्या खड्ड्यांची ठिगळे तिथे पाहायला मिळतात. अघईकडे, तानसा धरणाकडे वळले की झाडीतला अरुंद रस्ता लागतो. शहापूर ओलांडून किन्हवली, सरळगाव, मुरबाड असे निघाले की गावागणिक गतिरोधक. वर कसारा घाटाची वळणे, पलीकडे माळशेज. आणि ५ जून २०२५ पासून या सगळ्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला सरळसोट रस्ता आणि बैलगाडीच्या चाकोरीची आठवण करून देणारी गावची वाट, दोन्ही एकाच सकाळी एकाच गाडीच्या वाट्याला येतात.

ती गाडी छोटी आणि स्पोर्टी असेल, तर प्रश्न सुरू होतो. इंजिन जोरकस, स्टिअरिंग चपळ, घाटात गाडी रस्त्याला चिकटून चालते. पण गावात शिरताच मागे बसलेली आई कंबर धरते आणि शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा सांडतो. मग मालक टायरवाल्याकडे जातो, मेकॅनिककडे जातो, मित्रांना विचारतो. कोणी हवा कमी करायला सांगतो, कोणी स्प्रिंगमध्ये रबर बसवायला, कोणी महागडे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायला. कोणी सरळ सांगतो, की स्पोर्टी गाडी घेतली तर धक्के खायचेच.

हे शेवटचे मत सर्वांत जास्त पसरलेले आहे आणि ते चुकीचे आहे. धक्का गाडीत नेमका कुठून शिरतो, हे समजून घेऊन जमिनीपासून वर या क्रमाने काम केले, तर छोट्या स्पोर्टी गाडीचा बराचसा कडकपणा तिची चपळाई न घालवता काढता येतो. क्रम उलटा केला, म्हणजे सुरुवातच स्प्रिंगपासून केली, की पैसे जातात आणि धक्के राहतात.

छोटी गाडी मुळात कडक का असते?

पहिले कारण वजनाचे आहे. छोटी हॅचबॅक साधारण हजार-अकराशे किलोची. एकटा माणूस चालवत असेल, तेव्हा मागच्या चाकांवर जेमतेम चारशे किलोंचा भार असतो. त्याच गाडीत मागे तीन मोठी माणसे बसली, डिकीत सामान भरले, की तो भार सहज दीडपटीच्या वर जातो. मोठ्या, जड गाडीत हेच प्रमाण खूप कमी बदलते. कंपनीला स्प्रिंग भरलेल्या गाडीसाठी निवडावी लागते, नाहीतर गतिरोधकावर गाडी खाली लागेल. म्हणून रोज सकाळी एकटाच आटगावहून भिवंडीला जाणारा माणूस पाच जणांसाठी बनवलेल्या स्प्रिंगवर बसलेला असतो.

दुसरे कारण मोजता येते. सस्पेन्शनचा मऊपणा अभियंते सेकंदाला किती हेलकावे होतात, यावरून सांगतात. घरगुती गाडीत हा आकडा साधारण एक ते दीड असतो, स्पोर्टी गाडीत दीड ते दोन. फरक किरकोळ वाटतो, पण तो वर्गाच्या हिशेबाने वाढतो. सेकंदाला एक हेलकावा हवा असेल, तर गाडीच्या नुसत्या वजनाने सस्पेन्शन सुमारे २५ सेंटिमीटर दबले पाहिजे. दीड हेलकाव्यांना ११ सेंटिमीटर पुरतात आणि दोन हेलकाव्यांना फक्त सहा. छोट्या गाडीत चाकाच्या वर मुळातच जागा थोडी. त्यात दिसायला रुबाबदार म्हणून गाडी खाली बसवली, की उरलेला प्रवासही संपतो.

तिसरे कारण चाकांमधले अंतर. फोक्सवॅगन पोलोची पुढची आणि मागची चाके सुमारे २.४७ मीटर अंतरावर, टाटा अल्ट्रोझची २.५ मीटरवर. लांब गाडीत एक चाक खड्ड्यात गेले, तरी मधला प्रवासी तुलनेने स्थिर राहतो. आखूड गाडी मात्र पुढून-मागून झुलते आणि हे झुलणे वरखाली होण्यापेक्षा माणसाला जास्त त्रास देते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने याचा अभ्यास करून एक उपाय मांडला. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोड्या जलद लयीची ठेवली, की उंचवटा ओलांडल्यावर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि झुलणे लवकर थांबते. आजही बहुतेक गाड्यांची जुळणी या तत्त्वाला धरून होते. मालकाने फक्त मागच्या किंवा फक्त पुढच्या स्प्रिंगला हात लावला, तर हीच जुळणी बिघडते.

कुर्ला, रांजणगाव, चाकण

छोट्या स्पोर्टी गाडीचा भारतातला इतिहास मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रात घडला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी निघाल्या. २००१ साली त्याच कुर्ल्यातून फियाट पालिओ आली. ब्राझीलमध्ये १९९६ साली प्रथम विकली गेलेली ही गाडी विकसनशील देशांच्या खराब रस्त्यांचा विचार करूनच आखली होती. तिची १.६ लिटरची, शंभर अश्वशक्तीची आवृत्ती त्या काळात वेगवान समजली जाई आणि तरीही खड्ड्यांवर ती समंजसपणे चालायची. पालिओचे जुने मालक आजही तिच्या राइडबद्दल आपुलकीने बोलतात. गाडी वेगवान असूनही दणके पचवणारी असू शकते, हे त्या पिढीने अनुभवलेले आहे.

पुढे २००९ साली रांजणगावहून पुंटो आली, २०१० साली चाकणहून फोक्सवॅगन पोलो. पोलोची जीटी टीएसआय आवृत्ती २०१३ ची. २०१५ साली फियाटने अबार्थ पुंटो आणली. १४५ अश्वशक्ती, १६ इंची चाके आणि जमिनीपासून १५५ मिलिमीटर उंची. गाडीवर मनापासून प्रेम करणारे लोक तिला मिळाले, पण त्या उंचीवर गावच्या गतिरोधकांशी तिचे जमणे कठीण होते. टाटाने कोइम्बतूरच्या जयेमबरोबर २०१८ साली टियागो जेटीपी काढली, तेव्हा गाडी फक्त चार मिलिमीटर खाली घेतली आणि चाके १५ इंचीच ठेवली. भारतीय रस्त्यांवर स्पोर्टी गाडी कशी असावी, याचे ते समजूतदार उत्तर होते. त्यानंतर २०२१ ची ह्युंदाई आय-२० एन लाइन आणि २०२४ ची अल्ट्रोझ रेसर, दोन्ही पुन्हा १६ इंची चाकांवर.

पुंटोपासूनच्या या गाड्यांची घडण सारखीच आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम. ही रचना साधी, स्वस्त, टिकाऊ आहे. तिचा आराम मात्र काही रबरी भागांवर अवलंबून असतो आणि रबर म्हातारे होते.

काँक्रीटचा ठेका

खड्ड्याचा धक्का समजतो, कारण खड्डा दिसतो. काँक्रीटच्या रस्त्यावर मात्र गाडी गुळगुळीत जाते आहे असे वाटत असताना तासाभरात पाठ अवघडते. यामागे एक साधे गणित आहे.

काँक्रीटच्या रस्त्याला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात ठरावीक अंतरावर आडवे सांधे कापलेले असतात. आपल्याकडे हे अंतर साधारण साडेचार मीटर. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच सांधे. ताशी १०० ने सहा, १२० ने सात-साडेसात. आता दुसरी बाजू पाहा. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची कंपने सर्वांत जास्त जाणवतात ती सेकंदाला चार ते आठच्या दरम्यान. पोट, पाठीचा कणा, खांदे या टप्प्यात थरथरतात. शरीर कंपनांना कसा प्रतिसाद देते, यावरचे आंतरराष्ट्रीय मानक याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व देते. म्हणजे सांधे जरा जरी उंचसखल असतील, तर महामार्गाचा नेहमीचा वेग आणि माणसाचा सर्वांत नाजूक पट्टा नेमके एकमेकांवर येतात. त्यात अडीच मीटर अंतरावरच्या चाकांमुळे पुढचे चाक सांध्यावर असते, तेव्हा मागचे जवळपास फरशीच्या मध्यावर. गाडी वरखाली होण्याऐवजी हलकेच पुढेमागे डुलत राहते.

मुख्य स्प्रिंग या बारीक, जलद धक्क्यांबद्दल फारसे काही करू शकत नाही. ते अडवायचे काम टायर, बुश, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि सीटचा फोम यांचे. म्हणून उपायांचा क्रम टायरपासून सुरू होतो.

आधी हवा, मग टायर

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटे स्टिकर असते. त्यावर हवेचा दाब लिहिलेला असतो आणि अनेक गाड्यांत दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. बहुतेक मालकांनी हे स्टिकर कधी वाचलेले नसते. पेट्रोल पंपावर जो आकडा लावलेला असेल, तेवढी हवा भरली जाते. मायलेज वाढावे म्हणून चार-पाच पीएसआय जास्त भरण्याची सवयही आहे. पण टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि हवा वाढली की ती स्प्रिंग जवळपास त्याच प्रमाणात कडक होते. तेहतीसच्या जागी अडतीस भरले, की जवळजवळ पंधरा टक्के कडकपणा मालकाने स्वतःहून विकत घेतलेला असतो.

उलट टोकही धोक्याचे आहे. आराम हवा म्हणून हवा लिहिलेल्या आकड्याच्या खाली उतरवली, तर टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि लांब पल्ल्यावर फुटू शकते. समृद्धीवर ही चूक परवडणारी नाही. टायर फुटण्याच्या अपघातांमुळेच परिवहन विभागाने त्या मार्गावर गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती. दाब मोजायचा तो सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. तापमान दहा अंशांनी चढले की आकडा साधारण दीड पीएसआयने वाढतो. मे महिन्यात दुपारी मोजलेला दाब म्हणूनच फसवा असतो.

हवा नीट झाली की टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होते आणि आवाज, धक्के दोन्ही वाढतात. जुन्या टायरांच्या जागी त्याच मापाचे आरामासाठी बनवलेले टायर घातले, तर अनेकदा दुसरे काही करावेच लागत नाही.

यानंतर येतो मापाचा प्रश्न, आणि सर्वांत मोठा फरक इथे पडतो. आय-२० च्या १६ इंची चाकांवर १९५/५५ आर१६ टायर येतो. त्यातला १९५ हा आकडा रुंदीचा आणि बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. त्याच आय-२० च्या खालच्या आवृत्त्यांना कंपनी १८५/६५ आर१५ देते. तिथे बाजूची उंची १२० मिलिमीटर. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, गाडीची उंची बदलत नाही. फरक एवढाच, की रस्ता आणि रिम यांच्यात तेरा मिलिमीटर रबर वाढते. तीक्ष्ण कडेचा खड्डा लागतो, तेव्हा हेच रबर अलॉय वाकण्यापासून आणि टायरला फुगा येण्यापासून वाचवते.

बदल करायचा तर काही गोष्टी पाहाव्या लागतात. नवे माप त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनीनेच दिलेले असावे. टायरचा भारनिर्देशांक आणि वेगमर्यादा मूळ टायरपेक्षा कमी नसावी. आणि १५ इंची रिम ब्रेकच्या डिस्कला व कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक बसवून फिरवून पाहावे, कारण स्पोर्टी आवृत्तीचे ब्रेक मोठे असू शकतात.

चपळाई कमी होईल, ही भीती किती खरी? वळणावर स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद किंचित मंद होतो, हे मान्य करावे. पण रॅलीचे जग वेगळीच साक्ष देते. जागतिक रॅली स्पर्धेत डांबरावर १८ इंची चाके लावतात आणि कच्च्या रस्त्यावर तीच गाडी १५ इंची चाकांवर, जाड बाजूच्या टायरांनी पळते. नाशिक परिसरात होत आलेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रमध्ये धावणाऱ्या पोलो ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे सांगावे लागणार नाही. रस्ता खराब असेल, तर चाक जमिनीला धरून राहणे हीच पकड. उसळणारे चाक कितीही रुंद असले, तरी हवेत पकड नसते.

झिजलेली रबरे आणि थकलेले शॉकअप

पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या गाडीत ‘सस्पेन्शन कडक झालेय’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा स्प्रिंग निर्दोष असते. लोअर आर्मचे बुश चिरलेले असतात, लिंक रॉड खडखडत असतो, स्ट्रटच्या वरचे माउंटिंग बसलेले असते, मागच्या बीमचे मोठे बुश सुटत आलेले असतात. स्ट्रटच्या दांड्यावर एक फोमचा तुकडा असतो, बंप स्टॉप; गाडी पूर्ण दबली की शेवटचा दणका तो झेलतो. काही वर्षांत त्याचा भुगा होतो. मग लोखंड लोखंडावर आदळते आणि मालकाला वाटते शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेला. हे भाग तुलनेने स्वस्त आहेत. चांगला मेकॅनिक गाडी रॅम्पवर घेऊन पहारीने एकेक सांधा हलवून पाहतो. शॉकअप बदलण्याआधी ही तपासणी मागून घ्यावी.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे काम पुष्कळांना उलटे समजते. धक्का स्प्रिंग झेलते; शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यातली ऊर्जा तेलात जिरवतो, म्हणजे गाडी डोलत राहत नाही. तो थकला की गाडी आधी मऊ वाटते आणि मग एका खड्ड्यानंतर दुसऱ्या खड्ड्यात सावरायला तिला वेळच मिळत नाही. बाहेरून तेल झिरपलेले दिसले, वळणावर ओळीने खड्डे आले की मागचा भाग सरकू लागला, तर बदलायची वेळ झाली. बदलताना एका धुरीवरचे दोन्ही बदलावेत. या कामासाठी परदेशी डबा मागवायलाच हवा असे नाही. १९६१ साली मुंबईत सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने नाशिकला आणि चाकणला आहेत. आटगावसमोरून जाणारा महामार्गच त्यातल्या एका शहराकडे जातो.

हौस आणि पैसा असेल, त्याच्यासाठी एक पायरी पुढे आहे. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या आत पिस्टन हळू सरकतो तेव्हा, म्हणजे वळण घेताना किंवा ब्रेक मारताना, घट्टपणा हवा. आणि खड्ड्यात तो झटक्यात सरकतो तेव्हा तेलाला पटकन वाट मिळायला हवी. डच कंपनी कोनीने जलद धक्क्यांना आपोआप सैल पडणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर याच तत्त्वावर बनवले. ब्रिटनच्या लोटसने तर १९६२ च्या एलान या चिमुकल्या स्पोर्ट्स कारमध्ये स्प्रिंग मऊ ठेवून शॉकअ‍ॅब्सॉर्बर नेटके जुळवले. त्या काळातल्या सर्वोत्तम चालणाऱ्या गाड्यांत तिची गणना होते आणि ती प्रवाशाला छळत नसे.

दोन जुने धडे

छोट्या गाडीत आराम कसा आणायचा, हा प्रश्न युरोपनेही सोडवायचा प्रयत्न केला आहे. सित्रोएनची टू-सीव्ही १९४८ साली पॅरिसमध्ये दाखवली गेली. ती आखताना शेतकऱ्याने अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून जावे आणि एकही अंडे फुटू नये, अशी अट घातली होती. तिच्या सस्पेन्शनचा प्रवास प्रचंड लांब होता आणि पुढची-मागची चाके एका स्प्रिंगयंत्रणेने जोडलेली होती. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीच्या मुलुखाला ही अट परकी वाटणार नाही.

दुसरा धडा १९५९ च्या मिनीचा. अलेक इसिगोनिस यांनी दहा इंची चाके आणि अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू वापरून जागा वाचवली. गाडी वळणावर अद्भुत होती, पण दणके देणारी. १९६४ पासून तिच्यात पुढच्या-मागच्या चाकांना द्रवाच्या नळीने जोडणारे हायड्रोलास्टिक सस्पेन्शन आले. पुढचे चाक वर गेले की द्रव मागे जाऊन मागचा भाग उचलायचा आणि आखूड गाडीचे झुलणे कमी व्हायचे. ते महाग पडले, आणि काही वर्षांनी मिनी पुन्हा रबरी शंकूंवर आली. त्याच नावाच्या नव्या गाडीत पुढे पंक्चर झाल्यावरही धावणारे, जाड कडक बाजूंचे रनफ्लॅट टायर आले आणि कडकपणाची तक्रार परत आली. दोन्ही वेळा दुखणे एकच होते, जागा आणि पैसा वाचवताना आधी कापला जातो तो आराम.

हे करू नये

स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेणे सर्वांत वाईट. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, प्रवास कमी होतो आणि स्प्रिंग आपल्या खोबणीतून निसटू शकते. याच्या उलट टोकाला स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर आहेत. गाडी खाली लागू नये म्हणून ते गावोगावी विकले जातात. तेही काही वेढे बंद करून स्प्रिंग कडकच करतात. उंची थोडी मिळते, आराम जातो, आणि वाढलेला भार माउंटिंगवर येतो. सतत पाच माणसे आणि सामान नेणाऱ्यालाच त्यांचा काही उपयोग. एकट्या चालवणाऱ्याला तोटाच.

कायद्याची बाजूही विसरता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. झिजलेला भाग त्याच दर्जाच्या नव्याने बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीची मूळ घडण बदलणे ही वेगळी गोष्ट.

सीटचा विचार शेवटी, पण करावा. उशा आणि जाड कव्हरे घातल्याने माणूस उंच बसतो, कंबरेचा आधार सुटतो आणि पाठ जास्त दुखते. पाठीचा भाग जरा ताठ करून, गुडघे किंचित वाकलेले ठेवून, कंबर सीटला टेकवून बसले तर निम्मे काम होते.

रस्त्याचा वाटा

गाडीने सगळा भार उचलावा, हे न्याय्य नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे. १७ मीटर त्रिज्येचा गोलवा, ३.७ मीटर रुंदी, दहा सेंटिमीटर उंची. असा गतिरोधक अडीच मीटर चाकअंतराच्या गाडीखाली आला, तर पुढची आणि मागची चाके दोन्ही त्याच्याच पाठीवर असतात आणि त्याचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त साडेचार-पाच सेंटिमीटर वर येतो. १५५ मिलिमीटर उंचीची अबार्थसुद्धा भरलेल्या अवस्थेत तो सहज ओलांडेल. अर्धा मीटर रुंदीचा, पंधरा सेंटिमीटर उंच, टोकदार ढिगारा मात्र पूर्णच्या पूर्ण पोटाला लागतो. त्यावर स्पोर्टी गाडीच नाही, रुग्णवाहिकाही आदळते. शाळेपुढे वेग कमी व्हायलाच हवा. त्यासाठी ठरलेल्या मापाचा गतिरोधक पुरेसा असतो. गावाने रस्ता खात्याकडे हे माप मागावे.

एवढा सगळा आढावा घेतल्यावर निवाडा असा : आधी लिहिलेली हवा, मग टायरचे वय, मग बुश आणि माउंटिंग, मग शॉकअ‍ॅब्सॉर्बर, आणि शेवटी टायरच्या मापातला बदल. स्प्रिंगला हात लावायची वेळ बहुतेकांवर येणारच नाही. पण हा शेवटचा बदल मालकाला पदरमोड करून, कायदा आणि विम्याची काळजी वाहत करावा लागू नये. गाडीबांधणीचे ज्ञान या राज्यात भरपूर आहे. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, पिंपरी, चाकण आणि रांजणगावला कारखाने आहेत. कंपन्यांनी एवढे करावे : जोरकस इंजिनाच्या आवृत्तीबरोबर १५ इंची चाकांचा आणि जाड टायरांचा पर्याय शोरूमच्या यादीत छापून द्यावा. आणि गाडी घेणाऱ्याने चाचणीची फेरी फक्त महामार्गावर न मारता घरच्यांना मागे बसवून गावच्या रस्त्यावर मारावी आणि हा पर्याय तिथेच मागावा.